रस्ता लय उजवीकडं वळायलाय

सव्वीस वर्षं मी रोज सकाळी मानवतहून पाथरीला मोटारसायकलवर गेलो आणि संध्याकाळी मोटारसायकलवरच परत आलो. फक्त ती चालवतात कशी, हे मला ठाऊक नव्हतं. मी मागे बसत असे. पुढे सूर्यभान, मागे मी. आमच्याकडे याला डबलशीट म्हणतात. दोघे एकाच दप्तरात कारकून, दोघांची घरं एकाच गल्लीत, आणि दोघांत गाडी एक. गाडी सूर्यभानची होती, पण तिच्यावर आपलाही थोडा हक्क आहे असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो, कारण तिची मागची निम्मी सीट माझ्यामुळेच दबलेली होती.

डबलशीट बसणाऱ्याला लोक ओझं समजतात. हा गैरसमज आहे. दोन्ही डबे मांडीवर सांभाळायचे, मागून ट्रक आला की पुढच्याच्या पाठीवर टिचकी मारायची आणि गतिरोधकावर जीभ चावून न घेता गप्पा चालू ठेवायच्या, हे येरागबाळ्याचं काम नाही. सूर्यभान पाठीने रुंद होता. शिवाय कानाला बांधलेल्या रुमालाचं टोक तो उजवीकडे सोडायचा, ते वाऱ्याने माझ्या डोळ्यांत जायचं. म्हणून मी मान कायम डावीकडे ठेवली. मानवत ते पाथरी रस्त्याची डावी बाजू मला पाठ आहे. संध्याकाळी परतताना मात्र मी त्याच्या पाठीला कपाळ टेकून डुलकी काढायचो.

अर्ध्या वाटेवर एक लिंबाचं झाड लागतं. तिथे आमची गाडी रोज क्षणभर मंदावायची आणि पुन्हा पळायला लागायची. पेट्रोलमध्ये कचरा असणार, असं माझं मत होतं. मी ते सूर्यभानला दोन-तीनदा ऐकवलंही. "आसंल," एवढंच तो म्हणायचा.

आम्ही सहा महिन्यांच्या अंतराने निवृत्त झालो. सूर्यभानच्या अंगात साखर जुनीच होती. तिने आधी त्याचे डोळे नेले आणि मग किडन्यांकडे मोर्चा वळवला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला रक्त धुऊन घ्यायला परभणीला जावं लागे. सरजावैनी, म्हणजे त्याची बायको, त्याचा हात धरून जीपमध्ये बसवून न्यायच्या. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची.

नागपंचमी झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही दोघे त्याच्या ओट्यावर बसलो होतो. सूर्यभान म्हणाला, "माणिक, सव्वीस वर्षं मी तुला नेलं. एक डाव तू मला ने की पाथरीला. डबलशीट बसल्यावर कसं दिसतंय ते तरी बघतो."

दिसण्याची गोष्ट तो अशीच करायचा. मी हसलो. निघताना सरजावैनी फाटकापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, डागदर म्हणले, दिवाळी बघतील का न्हाई सांगता येत न्हाई. तुमाला जमत आसंल तर न्या. न्हाई तर हो म्हणून ठिवू नका, ते वाट बघतेत."

मी हो म्हणालो. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, सायकलवरून तीनदा पडलेल्या माणसाने.

गल्लीत बातमी फुटायला चहाचा एक कप पुरला. शेजारचे नागनाथराव निवृत्त यष्टी ड्रायव्हर. ते बनियनवरच आले आणि म्हणाले, "माणिकराव, चौतीस वर्षं यष्टी चालवली, कोंबडी मारली न्हाई. ध्यानात ठिवा, ब्रेक पायानं मारायचा न्हाई. ब्रेक आधी मनात मारायचा." पाय मग कशाला असतो, हे मी विचारलं नाही. माझी बायको रेणुका म्हणाली, "अहो, तुमचा मनातला ब्रेक कायमच लागलेला असतो. तुम्ही आधी गाडी पुढे जाऊ द्या."

पुण्याला नोकरीत असलेल्या आमच्या निकिताने फोनवर नवीनच शास्त्र सांगितलं. "बाबा, बाहेरच्या कितीतरी देशांत नव्या माणसाला मोठी गाडी देतच नाहीत. आधी लहान इंजिन. ते नीट चालवता आलं, परीक्षा दिली, की मग मोठं." मला हे फार पटलं. सरकारी नोकरीत चढायच्या पायऱ्या असतात, तशा इंजिनालाही असाव्यात हे मला न्यायाचं वाटलं. फक्त या देशात माझ्यासाठी लहान इंजिन कुठून आणायचं, एवढाच प्रश्न होता.

तो नागनाथरावांनी सोडवला. त्यांच्या सुनेची बॅटरीवरची स्कूटर होती. पंचवीसच्या वर पळत नाही, मोटर अडीचशे वॉटची, आणि म्हणून लायसनही लागत नाही. "आपला मिक्सर पाचशे वॉटचा आहे," रेणुकाने लगेच सांगितलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. दोन दिवस गल्लीत सराव केला. पहिल्या दिवशी एक म्हैस मला मागे टाकून गेली, पण ती घाईत होती.

तिसऱ्या दिवशी सूर्यभानला मागे बसवलं आणि आम्ही निघालो. पाथरीला नव्हे, नुसतं नाल्याच्या पुलापर्यंत. पुलाचा चढ लागला तसा सूर्यभान म्हणाला, "चढ आला वाटतं."

"तुला कसं कळलं?"

"आत्ता एक जण चालत आपल्या पुढं गेला की."

चढाच्या मध्यावर स्कूटरने एक बारीक सुस्कारा टाकला आणि ती थांबली. दोघांचं मिळून दीडशे किलो वजन, अडीचशे वॉटनी तरी काय करावं. सूर्यभान उतरला आणि चाचपत मागे जाऊन ढकलायला लागला. मी उतरलो असतो, पण मग हँडल कोण धरणार, हा माझा मुद्दा होता आणि तो आजही चूक वाटत नाही. बाजारातून येणाऱ्या लोकांना मात्र एवढंच दिसलं की आंधळा माणूस गाडी ढकलतोय आणि चष्मेवाला वर बसलाय. संध्याकाळपर्यंत गल्लीत माझी जी अब्रू जायची ती गेली.

"माणिक," घाम पुसत सूर्यभान म्हणाला, "ह्यो मिक्सर वापस दे. माझी गाडी काढ."

सूर्यभानच्या गाडीला गिअर होते, आणि गिअर म्हटलं की लायसन आलं. मी भागवत नावाच्या एजंटाला गाठलं. अर्ज, आधार, डॉक्टरचा दाखला, सगळं रीतसर. मग संगणकावर परीक्षा. एका प्रश्नाला तीस सेकंद. आमच्या दप्तरात तीस वर्षांत एकही प्रश्न तीस सेकंदांत सुटला नव्हता, त्यामुळे मला फार धाप लागली. तरी पास झालो. शिकाऊ लायसन हातात आलं तेव्हा मी ते सूर्यभानला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता वाचता माझा आवाज खाली गेला. त्यावर 'विनागिअर' लिहिलं होतं.

भागवतला जाब विचारला तर तो म्हणाला, "काका, तुमचं वय बघून मीच विनागिअर टाकलं. ह्या वयात गिअर कशाला लागायलेत?"

एका चुकीच्या खुणेसाठी मी आयुष्यात हजारो अर्ज परत पाठवले आहेत. 'त्रुटी पूर्ण करून पुनश्च सादर करावा', हे वाक्य माझ्या अक्षरात अर्ध्या तालुक्याने वाचलं असेल. त्यातल्या कोणाला घाई होती, कोणाच्या घरी कोण आजारी होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. गिअरवालं शिकाऊ लायसन यायला सोळा दिवस गेले आणि कायमच्या परीक्षेसाठी त्यापुढे आणखी एक महिना थांबायचं होतं. मी बोटांवर मोजलं. परीक्षेनंतर दिवाळीला जेमतेम पंधरा दिवस उरत होते.

आता शिकवणार कोण? नागनाथराव तयार होते, पण मोटारसायकल चालवता येत असली तरी शिकवताना ते यष्टीच्या खाली उतरत नव्हते. मी नियम काढून वाचले. शिकाऊ माणसाच्या मागे फक्त शिकवणारा बसू शकतो आणि त्याच्याकडे लायसन पाहिजे. मी सरजावैनींना सूर्यभानचं पाकीट आणायला सांगितलं. त्याचं लायसन दोन हजार एकोणतीसपर्यंत वैध होतं.

"पण मला दिसत न्हाई रे," सूर्यभान म्हणाला.

"कागदावर दिसतंय," मी म्हणालो. कागदापुढे जायची मला सवय नव्हती.

गावाबाहेर कापसाची एक जिनिंग मिल बरीच वर्षं बंद आहे. तिचं मैदान मोठं, मोकळं, मधे फक्त एक गंजलेला वजनकाटा. गाडीच्या पुढे-मागे मी लाल रंगात इंग्रजी एल काढला, मापात. सरजावैनी म्हणाल्या, "खुर्ची बरी काढली भावजी." आणि परभणीचे दिवस सोडून रोज सकाळी आमची शाळा भरायला लागली. नागनाथराव गाडी मैदानात आणून देत. सूर्यभान मागे बसे, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर.

तो कानाने शिकवायचा. "गिअर टाक, रडायलीय ती." "आता क्लच सोड. हळू. लेकरू झोपवल्यावर हात काढतो तसा." "तू श्वास रोखायलास, आधी श्वास घे, गाडी आपोआप चालंल." मी इंजिन ऐकायला शिकलो ते त्याच्याकडून. सव्वीस वर्षं त्या इंजिनावर बसून मी फक्त स्वतःचं बोलणं ऐकलं होतं.

उजवीकडे वळणं मला आठवड्यात जमलं. डावीकडे वळताना मात्र पाय आपोआप जमिनीवर जायचा, मग गाडी बंद, मग सूर्यभानची हनुवटी माझ्या पाठीवर. म्हणून मी मैदानात उजवीकडूनच गोल फेऱ्या मारत असे.

एका सकाळी चौथ्या-पाचव्या फेरीला त्याने विचारलं, "कुठं आलो?"

मैदानात, असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "हा काय, पेट्रोल पंप गेला. आता उसाचं शेत. आता पत्र्याची शाळा."

त्याने माझे खांदे घट्ट धरले. मग म्हणाला, "पुढं?"

तेव्हापासून रोज आम्ही पाथरीला जायला लागलो. मी फेऱ्या मारायचो आणि रस्ता सांगायचो. मारुतीचा पार, वीटभट्टी, कॅनॉल, बाभळीची रांग, लिंबाचं झाड. सूर्यभान खांद्यावरची बोटं हलवत ऐकायचा. एके दिवशी म्हणाला, "तू एकच बाजू सांगायलास. उजवीकडचं सगळं कोणी चोरून नेलं का?"

"उजवीकडे काय आहे?"

"सव्वीस वर्षांत बघितलं न्हाईस?"

"तुझा रुमाल होता मधे."

तो इतका हसला की मला गाडी थांबवावी लागली. हसून झाल्यावर म्हणाला, "मग मी न्हाई सांगत. जाशील तवा दिसंल." आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, "माणिक, आजकाल रस्ता लय उजवीकडं वळायलाय रे."

त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मानवतचा माणूस, ज्याने त्या रस्त्यावर हजारो खेपा केल्या, त्याला मैदान आणि रस्ता यातला फरक कळत नसेल? एक ट्रक नाही, एक हॉर्न नाही, आणि ऊन घडीत पाठीवर, घडीत तोंडावर. मी गाडी बंद केली.

"खऱ्या रस्त्यानं चल की," तो म्हणाला. "एकदा. हळूहळू जाऊ."

"कायमचं लायसन येऊ दे. मग राजासारखं नेतो."

"तूच म्हणलास ना, मागं शिकवणारा आसला की चालतंय?"

"हायवे आहे सूर्यभान. नियम म्हणजे..."

"बरं," तो म्हणाला. "नियम आसंल तर ऱ्हाऊ दे."

ऑक्टोबर उजाडला तसा तो खंगायला लागला. गाडीवर चढताना नागनाथराव आणि मी दोघे लागायचो. मग फेऱ्या कमी झाल्या, मग तो मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून नुसतं ऐकायचा आणि तिथून ओरडायचा, "गिअर!"

परीक्षेच्या दिवशी नागनाथराव गाडी परभणीला घेऊन आले. तिथे जे झालं ते मी सांगणार नव्हतो, पण नागनाथरावांनी सगळ्या गावाला सांगितलंच आहे. माझं नाव पुकारलं. मी हेल्मेट घातलं आणि गाडीवर जाऊन बसलो. बसलो आणि वाट बघत राहिलो. साहेब कागद घेऊन जवळ आले, त्यांनी मला एकदा आणि गाडीला एकदा पाहिलं.

"काका, ड्रायव्हर यायचाय का?"

मी मागच्या सीटवर बसलो होतो.

रांगेतली पोरं हसली. मी पुढे सरकलो, गाडी सुरू केली, आणि आठच्या आकड्यात डावीकडे पहिल्याच वळणावर पाय जमिनीवर टेकवला. नापास. पुढची तारीख अकरा दिवसांनी.

संध्याकाळी मी सूर्यभानला सांगितलं. तो खाटेवर होता, आवाज बारीक झाला होता. मागच्या सीटवर बसलो म्हटल्यावर त्याचं पोट हलायला लागलं, मग खोकला लागला, सरजावैनी पाणी घेऊन धावल्या. "आणखी एकदा सांग," तो म्हणाला, "ते ड्रायव्हर यायचाय का." मी चार वेळा सांगितलं. माणसाला हसवता येतंय तोवर तो आपल्यात आहे असं मला वाटत होतं.

परीक्षा सोमवारी होती. शुक्रवारी परभणीला मशीनवर असतानाच सूर्यभान गेला. सरजावैनी त्याचा हात धरून बसल्या होत्या. दिवाळी आठ दिवसांवर होती.

मी परीक्षेला जाणार नव्हतो. ज्याला न्यायचं होतं तोच राहिला नाही, मग लायसन कशाला? रविवारी सरजावैनींनी मला बोलावून घेतलं. रडून रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. त्या म्हणाल्या, "उद्या जावा भावजी. त्येंनी गुरुवारीच सांगून ठिवलंय. माणिकला म्हणावं, डावीकडं वळताना पाय खाली टाकू नको, मी मागं हाय आसं समज."

सोमवारी मी पुढच्या सीटवर बसलो. डावीकडच्या वळणावर खांद्यांवर ते दोन हात आहेत असं समजलो. पाय खाली गेला नाही. साहेबांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं.

"अकरा दिवसांत चांगली सुधारणा आहे काका. कोणी शिकवलं?"

"सूर्यभानने. मित्र माझा."

"त्यांच्याकडे लायसन आहे ना?"

"आहे साहेब," मी म्हणालो. "एकोणतीस सालापर्यंत वैध आहे." लायसन वैध होतं, माणूस संपला होता, आणि अशा त्रुटीला कुठला शेरा मारायचा हे तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी शिकवलं नव्हतं.

आता खरं ते सांगतो. नियम मला अडवत नव्हता. नियम माझ्या बाजूने होता, मीच तो शोधून काढला होता. मी भ्यालो होतो. ट्रकला भ्यालो, पडायला भ्यालो, लोक हसतील याला भ्यालो, आणि त्या भीतीला मी नियमाचं नाव दिलं. वीस किलोमीटरचा रस्ता होता. त्याने आयुष्यात माझ्याकडे तेवढंच मागितलं, आणि मी त्याला वजनकाट्याभोवती फिरवलं.

कायमचं लायसन पोस्टाने आलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. सरजावैनींनी गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि त्याचा रुमालही दिला. मी तो कानाला बांधला, वर हेल्मेट घातलं आणि सकाळी दहाला, दप्तराच्या वेळेला, निघालो. मागची सीट मोकळी राहावी म्हणून मी जरा पुढेच बसलो होतो. रेणुका दारात उभी होती.

रस्ता सरळ होता. कुठेही वळत नव्हता. मी पहिल्यांदाच त्याची उजवी बाजू पाहत होतो. एक विहीर, एक पडकी कमान, हळदीचं वावर, शेवग्याची झाडं, एक शाळा जी मला डावीकडच्या शाळेपेक्षा मोठी वाटली. इतकं सगळं होतं आणि तो रोज एकट्याने बघत होता.

लिंबाचं झाड आलं. त्याच्या समोर, रस्त्याच्या उजव्या अंगाला, पंक्चरचं एक छोटं दुकान होतं. दारात एक म्हातारा ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता. गाडीचा आवाज ऐकताच त्याने मान वर केली, आणि उजवा हात उंच केला.

माझाही हात आपोआप वर गेला. उजवा हात ॲक्सिलेटरवरून सुटला आणि गाडी क्षणभर मंदावली.

पेट्रोलमध्ये कचरा नव्हता.

गाडी हळू झाल्यामुळे त्याचं ओरडणं मला स्पष्ट ऐकू आलं. "लय दिसानं, सूर्यभानराव! आज एकलेच? मागचे सायेब कुठं हायत?"

हेल्मेट काढावं, असं मला एकदा वाटलं. काढलं नाही.

"मागंच हायत," मी ओरडून सांगितलं. गाडी रडायला लागली होती. मी गिअर टाकला.